शेवटचं मोहरं मारायचं नाही

बुद्धिबळ मला कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या निवड स्पर्धेत खेळले होते हे कळलं की लोक उगाच आदराने बघायला लागतात. माझ्या नणंदेची मुलगी मोबाइलवर अनोळखी माणसांशी तास तास बुद्धिबळ खेळते. ती मधूनच विचारते, "मामी, तू कशी शिकलीस गं?" मी म्हणते, "शिकले नाही. बसवलं मला." ती हसते. तिला तो विनोद वाटतो.

आम्ही तेव्हा नवी मुंबईतल्या शिरवण्यात राहत होतो. गावातल्या एका आगरी कुटुंबाने आपल्या घरामागे ओळीने चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या, त्यातली तिसरी आमची. दहा बाय बाराची खोली. एका कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून ओटा, आणि समोरच्या भिंतीला नानांची लोखंडी खाट. नाना म्हणजे माझे वडील. तुर्भ्याच्या मार्केटात ते माथाडी होते, पाठीवर पोती वाहायचे. मी बारावीत असताना एके दिवशी कांद्याच्या पोत्यांची थप्पी कलली आणि वरची दोन पोती त्यांच्या कमरेवर आली. त्या दिवसापासून ती खाट आमच्या घरात आली आणि ती कधी रिकामी राहिली नाही. खाटेने खोलीचा तिसरा हिस्सा खाल्ला. उरलेल्या पट्ट्यात आई आणि मी झोपायचो, जेवायचो, कपड्यांच्या घड्या घालायचो. अभ्यास मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून करायचे, कारण तिथे बल्बचा उजेड सरळ पडायचा. खिडकी एक होती, पण ती घरमालकीण काकींच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उघडायची. तिच्यातून काकींच्या चुलीवरच्या मासळीचा वास आणि काकींचा आवाज एवढंच आत यायचं. "काय गो पोरी," असं त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या, "तुझे आयशीला सांग, उद्या पानी येनार नाय, भरून ठेवा."

आई तुर्भ्याला एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं पाकिटांत भरायची. सकाळी साडेसातला जायची, संध्याकाळी साडेपाचला यायची. तिच्या केसांना प्लॅस्टिकचा वास असायचा, तो रिठ्यानेही जात नसे. आली की हातपाय धुऊन थेट परातीपुढे बसायची. ज्वारीच्या भाकऱ्या थापल्याचा तो आवाज, बाहेर रस्त्यावर मागे येणाऱ्या ट्रकांची पीं-पीं आणि पटावर आपटणारी मोहरी, माझी त्या वर्षांतली संध्याकाळ म्हणजे हे तीन आवाज. नानांच्या टोळीतले, म्हणजे बरोबरीचे हमाल, मार लागलेले बटाटे, मऊ पडलेले टोमॅटो, कोबीची वरची पानं आणून द्यायचे. त्यामुळे भाजीला कधी कमी पडलं नाही. मात्र आज कोणती भाजी खायची हे आमच्याऐवजी मार्केटातली आवक ठरवायची. सलग नऊ दिवस दुधी खाल्ल्याचं मला आठवतं. आज माझ्या घरी दुधी येत नाही. नवऱ्याला आवडतो, तो बाहेर खातो.

पट नानांचा होता. जावळीकडच्या आमच्या गावात देवळाच्या दगडी ओट्यावर कुणीतरी कधीकाळी चौसष्ट घरं कोरून ठेवली होती. नाना त्या ओट्यावर लहानाचे मोठे झाले. मार्केटात दुपारी माल उतरून झाला की टोळीतली माणसं गाळ्यात गोणपाटावर खडूने पट आखायची आणि खेळायची. खेळ आमच्याकडचा, देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. राजाला डावात एकदाच घोड्यासारखी उडी. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं तर ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं होणार. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, उंटाच्या घरात पोचलं तर उंट. आणि सगळ्यांत मोठा नियम बुर्जीचा. समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा उरवला, तर डाव तिथेच संपला. बुर्जी झाली, म्हणजे बरोबरी. जिंकायचं असेल तर त्याचं निदान एक मोहरं पटावर जिवंत ठेवून मात करायची. "शेवटचं मोहरं मारायचं न्हाय," नाना सांगायचे. "माणसाला पार नागवं करून जिंकला, त्यात काय जिंकला?" मी प्याद्याने मात केली तर ते मला पाटावर बसवून गूळ खाऊ घालायचे. मी नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा गूळ खाल्ला होता.

खाटेवर पडल्यापासून नाना टोळीतल्या कुणाबरोबर खेळले नाहीत. का, ते आईने मला सांगितलं. "त्येंना वाटतंय, लोकं कीव करून हरत्यात. तुझ्याबरं खेळत्यात तेवडाच जीव रमतो. सहाला घरी येत जा, बाई. वाट बघत बसत्यात." म्हणून मी सहाला घरी यायचे. नेरूळला कॉलेज दीडला सुटायचं. मैत्रिणी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायच्या, कुणी टायपिंगला जायचं, कुणी नुसतंच स्टेशनबाहेर भेळ खात उभं राहायचं. मी ग्रंथालयात वाचत बसून पाचच्या सुमाराला निघायचे. आई यायची, ती नानांना काखेत हात घालून बसतं करायची, पाठीशी दोन उशा आणि एक कांद्याचं रिकामं पोतं दुमडून ठेवायची. मग मी खाटेच्या पायथ्याशी बसायचे आणि मध्ये पट. तीन डाव. रोज तीन. रविवारीही. पाहुणे आले तरी, परीक्षा असली तरी, मला ताप असला तरी. नाना खेळताना बोलत नसत, एक हात कमरेवर दाबून धरायचे आणि दर चालीआधी नाकाने मोठा श्वास घ्यायचे. मी त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवरची ओल बघत बसायचे. तिचा आकार मला आजही काढून दाखवता येईल. कुणी मला मारत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, शिकायला नाही म्हणत नव्हतं. तक्रार करावी असं एकही कारण हातात नव्हतं, आणि गळ्यापर्यंत आलं होतं.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या जिमखान्यात एक मुलगा एकटाच पट मांडून बसला होता. माझी मैत्रीण वैशाली त्याला म्हणाली, "हिच्याशी खेळ, ही घरी रोज खेळते." मी नको नको म्हणत बसले आणि वीस मिनिटांत त्याला हरवलं. तो कॉलेजचा पहिल्या नंबरचा खेळाडू होता. जिमखान्याचे सर कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकत होते, ते डबा हातात घेऊनच आले. त्यांना मुलींच्या गटात खेळायला कुणीच मिळत नव्हतं. "कुणाकडे शिकलीस?" त्यांनी विचारलं. "वडिलांकडे." "ते कुठल्या क्लबात खेळतात?" वैशाली फस्सकन हसली. "सर, कांदा-बटाट्याच्या."

सरांनी आठवडाभर मला बाहेरचे नियम शिकवले. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. राजाने घोड्याची उडी मारायची नाही, हत्तीच्या आड किल्ला करायचा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवं ते मोहरं घेता येतं, म्हणजे अर्थात वजीर. बुर्जी-बिर्जी काही नसतं. मी सगळं वहीत लिहून घेतलं. प्रत्येक चाल कागदावर लिहायची असते हेही शिकले. मग सर म्हणाले, "निवड स्पर्धेत पहिल्या सहांत आलीस तर विद्यापीठाच्या संघात. मग आंतरविद्यापीठ स्पर्धेआधी पंधरा दिवसांचं शिबिर असतं. होस्टेलवर राहायचं. एका खोलीत दोघी. प्रत्येकीला कॉट, टेबल, टेबलाला ड्रॉवर."

ड्रॉवर हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या मालकीच्या सगळ्या वस्तू तेव्हा एका पत्र्याच्या डब्यात होत्या आणि त्या डब्यावर आईचं शिवणाचं सामान असायचं. पंधरा दिवस. एक कॉट, जिच्यावर दुसरं कुणी झोपलेलं नाही. सहा वाजले तरी कुणी वाट बघत नाही. तिथे दिवसभर बुद्धिबळच खेळावं लागेल, हे मी सोयीस्करपणे विसरले होते. खरं तर दिवसभर दगड फोडायला लावले असते तरी मी गेले असते.

घरी विचारायची हिंमत नव्हती, म्हणून आधी आईला मोरीत भांडी घासताना सांगितलं. तिने हातातलं पातेलं विसळून उपडं घातलं. मग म्हणाली, "निवड झाली तर कॉलेजचा कागद येईल न्हवं? शिक्का मारलेला?" मी हो म्हणाले. "मंग बघू. शिक्क्याच्या कागदाफुडं ते काय बोलत न्हाईत." नानांना फक्त एवढंच सांगितलं की कॉलेजात तीन दिवस बुद्धिबळाची स्पर्धा आहे, यायला जरा उशीर होईल. नाना म्हणाले, "बरं." आणि प्यादं सरकवलं.

स्पर्धा आमच्याच कॉलेजात होती, दुसऱ्या मजल्यावरच्या लांब सभागृहात. मुंबईपासून पनवेलपर्यंतच्या कॉलेजांतल्या मुली आल्या होत्या. दोन दिवस मी बरी खेळले. बाहेरचे नियम बोटांत बसले होते, निदान मला तसं वाटत होतं. शेवटच्या फेरीआधी सरांनी फळ्यावरचे गुण बघून मला कोपऱ्यात घेतलं. "सरळ हिशेब आहे. जिंकलीस तर सहावी. बरोबरी केलीस तर सातवी. सातवी म्हणजे राखीव, आणि राखीव खेळाडूला शिबिराला नेत नाहीत." वैशाली माझ्यासाठी डब्यात थालीपीठ घेऊन आली होती, ते मला गिळवेना. "टेन्शन नको घेऊस," ती म्हणाली. "ती पण माणूसच आहे ना? बघ, आपण चपला घातल्यात, तिने बूट. एवढाच फरक."

बूटवाली मुलगी अदिती. दक्षिण मुंबईतल्या कॉलेजातून आली होती. तिच्याजवळ दोन पेनं होती, थर्मास होता आणि दाराबाहेर खुर्चीवर बसलेला तिचा शिक्षक होता. ती आधीच पहिल्या तिघींत होती, तिला या डावाने फारसा फरक पडणार नव्हता. तिने हसून हात पुढे केला. माझा हात घामाने ओला होता, मी तो ओढणीला पुसून दिला. सभागृहात पंखे बंद होते, कारण वाऱ्याने चाली लिहायचे कागद उडत होते. खिडक्याही निम्म्या लावलेल्या, कारण बाहेर क्रिकेटच्या मैदानाचा आरडाओरडा. सोळा टेबलं, बत्तीस मुली आणि बत्तीस मुलींचा घाम. कुणी बोलायचं नाही, उठायचं तर हात वर करून. मला क्षणभर आमच्या खोलीचाच वास आला. इतक्या लांब येऊन मी परत पटासमोरच बसले होते आणि समोर परत एक माणूस नाकाने मोठा श्वास घेत होतं. तिलाही ती सवय होती.

पहिला दीड तास ती माझ्यापेक्षा चांगली खेळली. तिला पुस्तकातल्या सुरुवाती पाठ होत्या, ती भराभर चाली लिहीत होती, मी प्रत्येक चालीला घाबरत होते. पण मला एक गोष्ट येत होती जी तिला येत नव्हती. मला कंटाळा सहन करता येत होता. रोजच्या तीन डावांनी तेवढं शिकवलं होतं. मी काहीच न करता मोहरी एकमेकांजवळ ठेवून बसून राहिले. ती उतावीळ झाली आणि तिने एक घोडा पुढे फेकला, जो परत येऊ शकत नव्हता. तो घोडा मी घेतला. मग एकेक करून मोहरी मारामारीत गेली. चार वाजून गेले तेव्हा माझ्याजवळ राजा आणि हत्ती होता. तिच्याजवळ राजा आणि एक प्यादं. घड्याळात माझी अडीच मिनिटं उरली होती, तिची थोडी जास्त.

ते प्यादं उंटाच्या रेषेत होतं, टोकापासून दोन घरं अलीकडे. माझा हत्ती त्याच आडव्या ओळीत होता, मध्ये सगळी घरं मोकळी. तिचा राजा प्याद्यापासून लांब राहिला होता, ते राखायला त्याला एक चाल कमी पडत होती. हत्ती उचलायचा आणि प्यादं मारायचं, इतकंच. त्यानंतर हत्तीने एकट्या राजाला मात देणं मला झोपेतही आलं असतं. अदितीने तर पेन खाली ठेवलं होतं. तिला डाव संपलेला दिसत होता.

मी प्यादं मारलं नाही. मी हत्ती दुसऱ्या घरात सरकवून तिच्या राजाला शह दिला.

पुढे कित्येकांनी मला विचारलं, का? सरांनी तर कपाळावर हात मारून विचारलं. मला तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगते. मी विसरले नव्हते. वहीत लिहिलेलं सगळं मला पाठ होतं. पण घड्याळाची टिकटिक कानात होती, बोटं घाईत होती आणि घाईत असलेली बोटं वहीतलं वाचत नाहीत. समोर राजा आणि एकुलतं एक प्यादं दिसल्याबरोबर माझा हात त्याच्या बाजूने वळला, जसा गरम तव्यावरून वळतो. शेवटचं मोहरं. ते ठेवायचं, राजाला शह देत कडेला न्यायचं आणि मात करायची. शिवाय प्यादं उंटाच्या रेषेत, म्हणजे टोकाला पोचलं तरी होऊन होऊन काय होणार, तर उंट. उंटाला काय भ्यायचं! अकरा वर्षांचे डाव त्या एका चालीत होते. मी घड्याळाचं बटण दाबलं, चाल कागदावर लिहिली, आणि लिहिताना मी काय केलं ते मला दिसलं.

अदितीने माझ्याकडे बघितलं. मग पटाकडे. मग पेन परत उचललं. तिचा राजा तिरका सरकून प्याद्याशेजारी येऊन उभा राहिला. आता प्यादं मारलं तर हत्ती जाणार. मी मागून एक शह दिला, बाजूने दिला, राजा प्याद्याचा हात धरल्यासारखा त्याला चिकटून राहिला. प्यादं एक घर पुढे आलं. पुढच्या चालीला ते वजीर होणार होतं, उंट नाही, वजीर, आणि वजीर झाला की मी हरणार. माझ्याजवळ एकच चाल उरली. मी हत्ती देऊन ते प्यादं मारलं, तिच्या राजाने माझा हत्ती मारला. पटावर दोन राजे उरले, एकमेकांना काहीही करू न शकणारे. पंच येऊन म्हणाले, "ड्रॉ. दोघीही सही करा." मी सही केली. सहीत माझं आडनाव चुकलं, ते खोडून परत लिहिलं.

अदिती उठताना हळूच म्हणाली, "तू प्यादं का नाही घेतलंस? मी तर हरले होते." मी म्हणाले, "दिसलं नाही." खरं सांगायला लागलं असतं तर गावचा ओटा, गाळा, गोणपाट सगळं सांगावं लागलं असतं, आणि तिच्या शिक्षकाने तोवर थर्मास पिशवीत भरला होता. वैशाली जिन्यात वाट बघत होती. माझं तोंड बघून तिने थालीपिठाचा डबा पुढे केला. मी तिथेच पायरीवर बसून दोन्ही थालीपिठं खाल्ली. भूक फार लागली होती.

घरी पोचले तेव्हा नाना उशांना टेकून बसलेले होते आणि पट मांडलेला होता. आई परातीपुढे. "काय झालं गं?" नानांनी विचारलं.

"बरोबरी."

"म्हंजी निवड?"

निवडीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आईकडे बघितलं. ती पीठ मळत होती. "नाही झाली," मी म्हणाले.

"दाव. लिवलायस न्हवं डाव? कागद आन."

मी कागद काढला आणि एकेक चाल मांडत गेले. नाना पुढे वाकून बघत होते. पुस्तकातल्या सुरुवातीला ते नाक मुरडत होते, अदितीचा घोडा अडकला तेव्हा "आली गं बया सापळ्यात" म्हणाले. शेवटी राजा, हत्ती, राजा, प्यादं एवढंच उरलं. मी पुढची चाल करायला हत्तीकडे हात नेला. त्याआधीच नानांनी हत्ती उचलला, सरळ आडवा नेला आणि प्यादं मारलं.

"हे," ते म्हणाले. "संपला की डाव."

"नाना, ते शेवटचं मोहरं होतं. बुर्जी झाली असती."

"येडी हायस का गं? बुर्जी आपल्यात. लोकाच्या पटाव बसलं की लोकाचा कायदा. मार्केटात गुजराती शेठबरं खेळायचो तवा मी काय बुर्जी धरून बसायचो व्हय? धा मोहरी असली तर धा मारायची." मारलेलं प्यादं त्यांच्या मुठीत होतं. "ह्यापायी घालवलास? निवड हुती, डाव हातात हुता, आन ह्यापायी?"

मला रडू आलं नाही, राग आला. इतका की तोपर्यंत कधीच न बोललेलं तोंडातून निघालं. "मला बुद्धिबळ खेळायचंच नाही. उद्यापासून मी सहाला येणार नाही. रोज तीन डाव, तीन डाव. तुमच्यासाठी बसते मी."

परातीवरचा थापण्याचा आवाज थांबला. नाना माझ्याकडे, मग आईकडे बघायला लागले. "माज्यासाठी?" ते म्हणाले. "अगं, मी तुज्यासाठी बसतोय. पाठीतनं कळा येत्यात मला बसून. तुजी आई म्हणाली, पोरीला खेळाचा नाद हाय, कुणी जोडीला न्हाय, हिरमुसती, तुमी घटकाभर उठून बसा. म्हणून बसतोय." आणि मग आईला, "काय गं? तूच म्हणालीस न्हवं?"

आईने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं. घाई केली नाही. "म्हणले," ती म्हणाली. "मंग काय करायचं हुतं? डागदर म्हणला, रोज दोन तास बसवा, न्हाईतर कायमचे पडून ऱ्हातील. मी सांगून तुमी बसला असता? आन हिला नुसतं 'घरी थांब' म्हणून ही थांबली असती?" तिने भाकरी उलटली. "दोन तास बसला म्हणून आज धरून का हुईना, मोरीपर्यंत तुमच्या पायांनी जाताय. जेवून घ्या, कालवण गार हुतंय."

भिंतीपलीकडून काकींचा आवाज आला, "काय गो, तुमचे घरान भांडान झालं काय? आज पट वाजत नाय नं!" आम्ही जेवलो. पट तसाच खाटेवर पडून होता, नानांनी प्यादं पायथ्याशी ठेवलं. झोपताना ते एवढंच म्हणाले, "नगं येऊस सहाला. मी काय बांधून ठिवलंय तुला?"

दुसऱ्या दिवशी मी सहा वाजता नेरूळ स्टेशनबाहेर मैत्रिणींबरोबर भेळ खात उभी होते. भेळ ठीक होती. गप्पांत कुणाच्या तरी लग्नाचं चाललं होतं, मला त्यातली माणसं माहीत नव्हती. साडेसहा झाले, सात झाले, मी मुद्दाम चालत घरी आले आणि साडेसातला पोचले. आई भाकऱ्या करत होती. पट खाटेखाली सरकवलेला होता. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशा आणि दुमडलेलं पोतं खाली जमिनीवर.

"आज बसले नाहीत?" मी आईला हळू विचारलं.

"कशाला बसतील?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "मी दोनदा हात लावला, झिडकारला. आता ह्येंना उठवायचं कसं, तेवडं तू सांग. मला दुसरं काय सुचत न्हाय."

मी दप्तर डब्यावर ठेवलं. हातपाय धुतले. तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहिले. नाना जागे होते हे मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं, आणि मी उभी आहे हे त्यांनाही कळत असणार. मग मी खाली वाकून पट ओढून काढला आणि खाटेवर ठेवला.

"नाना," मी म्हणाले, "उठा. मला खेळायचंय."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग कोपर टेकलं, कण्हले, आणि आईच्या हाताची वाट न बघता उठून बसायला लागले.